‘डॉक्टरांना कळवले’ असं लिहिलंय, म्हणजे मी सेफ आहे का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका 24 वर्षांची स्टाफ नर्स आहे. सर्जिकल वॉर्डात तिला दहा महिने झाले. तीन आठवड्यांपूर्वी नाइट ड्युटीला तिच्याकडे 22 पेशंट होते. त्यातल्या पन्नाशीतल्या एका गृहस्थांचं आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. रात्री एकच्या सुमारास ते चुळबुळ करू लागले, चादर ओढू लागले, कूस बदलून दिली तरी चैन पडेना. पत्नी म्हणाली, ‘हे असं कधी करत नाहीत हो.’ संध्याकाळी बीपी 134/78 आणि पल्स 86 होती. आता बीपी 112/84, पल्स 108, बाहेरून ऑक्सिजन न देता सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 95 टक्के. ताप नव्हता. ड्रेनमध्ये (पोटात साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) फारसं काही नव्हतं, लघवी कमी होती. तिने रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला : ‘सर, 14 नंबरचा पेशंट थोडा अस्वस्थ वाटतोय.’ त्यांनी बीपी विचारलं आणि म्हणाले, ‘मग ठीक आहे, पेनकिलर द्या, सकाळी राउंडला बघतो.’ तिने इंजेक्शन दिलं, ‘डॉक्टरांना कळवले’ अशी नोंद केली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. पावणेतीनला पेशंटला दरदरून घाम, हातपाय गार, बीपी 78. पोटात रक्तस्राव होत होता. पुन्हा ऑपरेशन झालं, पेशंट वाचले, अकराव्या दिवशी घरी गेले. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तू कळवलंस, लिहिलंस, तू सेफ आहेस.’ तिला मात्र झोप लागत नाही. ती विचारते : नुसती मनात पाल चुकचुकली म्हणून डॉक्टरांना उठवायचं का? त्यांनी नाही म्हटल्यावर वरच्यांना फोन करणं हा आगाऊपणा नाही का? आणि शेवटी, कंसात : ‘चार्टवर श्वास मिनिटाला 20 लिहिलाय, पण मी मोजला नव्हता. आधीच्या शिफ्टने 20 लिहिला होता. वॉर्डातल्या घड्याळाचा सेकंदकाटाही बंद आहे. हे कुणाला सांगू का?’

उत्तर:

तुला एकेरीतच लिहिते. माझ्या पहिल्या विद्यार्थिनींच्या मुली तुझ्या वयाच्या आहेत.

आधी त्या 20 बद्दल बोलू. चार पानं तू डॉक्टरांच्या फोनवर लिहिलीस आणि हे कंसात टाकलंस. मला तर वाटतं, त्या कंसासाठीच पत्र लिहिलंस.

तो 20 मीही लिहिलेला आहे. शिकत होते तेव्हा नव्हे, चांगली सहा वर्षं नोकरी झाल्यावर. कुठल्याही वॉर्डाचे टीपीआर (ताप, पल्स, श्वसन) चार्ट काढ आणि श्वसनाच्या रकान्यावरून बोट फिरव. अख्खा वॉर्ड कवायतीला उभा आहे असं वाटतं : 20, 20, 20, मध्येच कुणीतरी 18. बीपीला मशिन आहे, सॅच्युरेशनला बोटावरचा चिमटा आहे, तापाला थर्मामीटर आहे. श्वासाला फक्त नर्स आणि घड्याळ. म्हणून घाईत पहिला बळी त्याचा जातो. आणि पंचाईत अशी की पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यांत आधी तोच बदलतो.

त्या रात्री या एका आकड्याने काय केलं ते कागदावर मांडून बघ. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. श्वसन, सॅच्युरेशन, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप या प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शिवाय पेशंट ऑक्सिजनवर असेल तर दोन जादा. तुझ्या पेशंटची पल्स 108, म्हणजे 1 गुण. सॅच्युरेशन 95, आणखी 1. बीपी 112 ला शून्य, ताप शून्य, शुद्ध शाबूत म्हणून शून्य. श्वास 20 ला शून्य. बेरीज 2. दोन गुणांना कुणी धावत येत नाही. आता समज, खरा श्वास 25 होता. 25 ला 3 गुण. बेरीज 5, आणि 5 ला ही पद्धत म्हणते : डॉक्टरांनी तातडीने येऊन बघावं, तासातासाला मोजावं. तुमच्याकडे ही पद्धत वापरत असोत वा नसोत, गणित बदलत नाही. तो 25 होता की 22, हे आता कुणालाच कळणार नाही. तुला झोप लागत नाही ती यामुळेच, असं मला वाटतं.

म्हणून तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी जरा हलवून बघते. तू धरून चाललीस की त्या रात्रीची चूक फोनवर झाली; तू घाबरलीस आणि डॉक्टर बेफिकीर राहिले. मला वाटतं ती त्याआधी, चार्टपाशी सुरू झाली. तुझ्याच हातात पुरेसं नव्हतं, म्हणून तुझा आवाज फोनवर बारीक झाला. हे तुला टोचेल. पण धीर काही मागून मिळत नाही, आणि साठ सेकंद मोजणं मात्र उद्यापासून जमण्यासारखं आहे.

आता पाल चुकचुकण्याचं. तू लिहितेस, ‘माझ्याकडे आधार काहीच नव्हता.’ खरंच नव्हता? पल्स संध्याकाळपेक्षा 22 ने वाढलेली. वरचं बीपी 22 ने उतरलेलं, खालचं 6 ने चढलेलं. दोन्हींतलं अंतर 56 चं 28 झालेलं, म्हणजे निम्मं. लघवी कमी. माणूस विनाकारण अस्वस्थ. आणि जिने त्याच्यासोबत संसार केला ती सांगतेय की हे नेहमीचं नाही. हे पाच आधार झाले. ते तुझ्या डोळ्यांनी टिपले, मनाने त्यांची गोळाबेरीजही केली, फक्त तोंडाला शब्द सापडले नाहीत. पाल चुकचुकते ती अशी.

रक्त आत वाहायला लागलं की शरीर आधी झाकपाक करतं. हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. त्यामुळे साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहू शकतं. पाच लिटर रक्ताच्या माणसात हे झालं दीड लिटर! ‘बीपी ठीक आहे ना?’ हा प्रश्न रक्तस्रावाच्या बाबतीत सर्वांत उशिरा उत्तर देणारा प्रश्न आहे. पेशंट बीपीच्या गोळ्यांतली बीटा ब्लॉकर घेत असेल तर पल्सही फारशी वाढत नाही, मग तोही इशारा गेला. ड्रेन रिकामा दिसला म्हणून तुला बरं वाटलं असेल, पण गुठळी अडकली तर ड्रेन कोरडाच राहतो. लघवीचं मात्र ‘कमी’ असं लिहू नकोस. तासाला, वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिली हा अंदाज धर : 60 किलोच्या माणसाला 30 मिली. ‘गेल्या दोन तासांत 35 मिली’ असं सांगितलंस की ऐकणारा उठून बसतो.

ही पाल हल्ली नियमांतही शिरली आहे. ऑस्ट्रेलियातल्या इस्पितळांत 1990 पासून तातडीची पथकं सुरू झाली. ती बोलावण्याच्या निकषांत आकड्यांबरोबर ‘कर्मचाऱ्याला पेशंटची काळजी वाटते’ एवढंही कारण अनेक ठिकाणी चालतं. डच संशोधकांनी तर नर्सच्या काळजीची नऊ लक्षणंच नोंदवली. त्यांत श्वासातला बदल आहे, अस्वस्थपणा आहे, पेशंटने स्वतः ‘बरं वाटत नाही’ म्हणणं आहे, आणि शेवटी ‘नेमकं सांगता येत नाही पण काहीतरी बिघडलंय’ हेही आहे. इंग्लंडमध्ये 2024 पासून ‘मार्थाज रूल’ लागू होतोय. त्यात घरच्यांनाही थेट दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता येते. 14 नंबरच्या पत्नीचं वाक्य त्या रात्रीचं सर्वांत मोलाचं निरीक्षण होतं आणि ते ना फोनवर गेलं, ना नोंदीत.

तरी पालीला डोक्यावर बसवू नकोस. पॅट्रिशिया बेनर या नर्सने 1984 मध्ये नर्सच्या तयार होण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. तुझ्यासारखी दहा महिन्यांची नर्स त्यात दुसरीच्या आसपास येते. अनुभवी सिस्टरच्या पालीमागे हजारो पेशंट असतात, तुझ्यामागे अजून नाहीत. आणि अनुभवी सिस्टरही फसते. एकदा ऑपरेशननंतर एक बाई अशाच तळमळत होत्या. मी रेसिडेंटला उठवलं, सिनिअरला उठवलं, रक्त तयार ठेवायला सांगितलं. ते येईपर्यंत आयाबाईंनी पांघरूण उचललं, तर कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली! सरळ केल्याबरोबर 700 मिली लघवी, आणि बाई गाढ झोपल्या. दोन डॉक्टर माझ्याकडे बघत उभे. ते महिनाभर मला ‘प्लंबर’ म्हणत होते. तेव्हापासून फोनच्या आधी मी पांघरूण उचलते : नळ्या, ड्रेसिंग, पोट फुगलंय का, पाठीखाली ओलं आहे का. तीन मिनिटं लागतात. उगाच उठवल्याची लाज मात्र फार वाटली नाही, कारण नळी नसती तर तोच फोन लागला असता.

आता फोन. ‘थोडा अस्वस्थ वाटतोय’ या वाक्यात तूच तीनदा माघार घेतलीस : ‘थोडा’, ‘अस्वस्थ’ आणि ‘वाटतोय’. झोपेतल्या माणसाने त्यातून काय उचलायचं? त्या डॉक्टरांची बाजू मी घेत नाही. ऑपरेशननंतरचा दुसरा दिवसही उजाडलेला नाही, तिथे नुसतं बीपी विचारून फोन ठेवणं हा त्यांचा दोष आणि तो त्यांनी निस्तरावा. पण पुढच्या वेळी तू असं बोलून बघ :

‘सर, सर्जिकल वॉर्डातून स्टाफ नर्स बोलतेय. बेड 14 साठी तुम्ही आत्ता यायला हवं. काल पोटाचं ऑपरेशन झालेले पेशंट आहेत. संध्याकाळी 134/78 होतं, आता 112/84. पल्स 86 वरून 108. श्वास मी पूर्ण मिनिट मोजला, 26 आहे. लघवी दोन तासांत 35 मिली. ड्रेनमध्ये काही नाही, पण गुठळी असू शकते. खूप अस्वस्थ आहेत, पत्नी म्हणते असे कधी नसतात. मला आत रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. किती वेळात येताय? तोवर काय सुरू करू?’

अर्धं मिनिट. आधी काय झालंय, मग मागचा संदर्भ, मग तुझा अंदाज, मग तुझी मागणी. अमेरिकन नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांवर बोलायची जी शिस्त होती, ती या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या दवाखान्यांत आली. ‘एसबार’ म्हणतात ती हीच. मुली पहिले दोन भाग धडाधड सांगतात आणि तिसऱ्याला अडतात. निदान करणं डॉक्टरांचं काम ना, मग ‘मला शंका आहे’ कसं म्हणायचं? अगं, शंका घेणं म्हणजे निदान करणं नव्हे. शंका बोलून दाखवली नाहीस तर समोरचा धरून चालतो की तुला ती नाही.

तरीही ‘सकाळी बघतो’ आलं तर? आवाज न चढवता म्हण, ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाही. मी नाइट सुपरवायझर आणि ऑन-कॉल सिनिअरना कळवते.’ आणि कळव. तू याला आगाऊपणा म्हणतेस. पाठीमागे कागाळी केली तर तो आगाऊपणा. त्यांनाच सांगून वर फोन केलास तर त्यात लपवाछपवी काय? पुष्कळदा तर एवढं वाक्य ऐकूनच माणूस जिना उतरू लागतो. कधी तोंडसुखही घेतात. घेऊ देत. पण हे रात्री एक वाजता सुचत नाही, म्हणून दिवसाउजेडी इन्चार्जना विचारून ठेव : रात्री रेसिडेंट आले नाहीत तर दुसरा फोन कुणाला, तिसरा कुणाला? नंबर फोनजवळ चिकटवून टाक. हे ठरलेलंच नसेल, तर तुझ्या वॉर्डाची खरी अडचण तुझा भित्रेपणा नाही.

पेनकिलरबद्दल तू एका ओळीत उरकलंस. मी थांबते. त्या पेशंटने दुखतंय असं म्हटलं होतं का? पत्रात तरी नाही. ऑक्सिजन कमी पडला, रक्त कमी झालं, तरी माणूस असाच तळमळतो; आणि पेनकिलर अफूच्या वर्गातली असेल तर तळमळ थांबते, श्वास मंदावतो, आणि तुझ्याकडे उरलेला एकुलता इशारा झोपी जातो. फोनवरची ऑर्डर वाचून दाखवायची असते, औषध, मात्रा, मार्ग, सगळं. त्याच दमात विचारायचं, ‘सर, दुखणं नसून दुसरं काही असेल तर यामुळे झाकलं जाणार नाही ना?’ तुला असा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, कारण सुई तुझ्या हातात असते. आणि इंजेक्शन देऊन पुढे जायचं नाही. पंधरा मिनिटांनी परत, अर्ध्या तासाने परत. एक वाजल्यापासून पावणेतीनपर्यंत त्या खाटेपाशी कोण गेलं, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

आता तुझ्या इन्चार्जचं ‘तू सेफ आहेस’. बाई चांगल्या असणार, तुला सावरायलाच म्हणाल्या. पण ‘डॉक्टरांना कळवले’ या नोंदीत कुणाला, किती वाजता, काय कळवलं, ते काय म्हणाले, मग तू काय केलंस, यातलं काहीही नाही. उद्या चौकशी झाली तर असली नोंद तुलाही वाचवत नाही. पेशंटला तर ती नाहीच वाचवत. नोंद अशी हवी : ‘1.10 : डॉ. अमुक यांना फोन. बीपी, पल्स, श्वसन, लघवी सांगितले. रक्तस्रावाची शंका सांगितली. पेनकिलरची तोंडी ऑर्डर, वाचून दाखवली. प्रत्यक्ष येऊन पाहण्याची विनंती केली, सकाळी येतो म्हणाले. 1.15 : नाइट सुपरवायझर यांना कळवले. 1.30 : पुन्हा तपासले,’ आणि आकडे. असं लिहायला बसलीस की गंमत होते. पुढची ओळ रिकामी दिसते, आणि ती भरायला हात आपोआप फोनकडे जातो.

आणि तो 20. हो, सांग. केसपेपरला मात्र आता हात लावू नकोस. खाडाखोड नाही, आठवून भर घालणं नाही, 20 चा 26 करणं तर मुळीच नाही. आधी इन्चार्जना समोरासमोर सांग, मग तुमच्याकडे जी घटना-नोंदीची रीत असेल त्याप्रमाणे लेखी दे. औपचारिक चौकशी चालू असेल तर लिहून देण्याआधी तुमच्या नर्सेस संघटनेतल्या जाणत्या व्यक्तीचा किंवा वकिलाचा सल्ला घे. शब्द कसे असावेत हे ते सांगतील, मजकूर खराच राहू दे. काही होणार नाही असं आश्वासन मी देणार नाही. मेमो मिळू शकतो, चार दिवस कुजबुज होईल. पण तू गप्प बसलीस तर इस्पितळ या घटनेतून एवढंच शिकेल की रेसिडेंट आळशी होता, आणि पुढच्या रात्री पुढची मुलगी पुन्हा 20 लिहील. इन्चार्जना एक विनंती कर : गेल्या आठवड्याचे सगळे चार्ट एका टेबलावर मांडू या. तू एकटी निघणार नाहीस, पैज लावते.

22 पेशंटचं तू ओझरतं लिहिलंस, सबब वाटेल म्हणून असेल. ती सबब नाही. लिंडा एकन या संशोधक नर्सने आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 इस्पितळांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या 30 दिवसांत दगावण्याच्या शक्यतेत सुमारे 7 टक्के वाढ दिसली. हा आकडा तुझ्या मेट्रनबाईंच्या टेबलावर जायला हवा, आणि तो नेण्याचं काम एकट्या नव्या मुलीचं नाही. तुझ्यापुरतं बघ : 22 जणांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा तर नुसत्या मोजण्यालाच 22 मिनिटं जातात, आणि मध्ये दोन बेल वाजणारच. तेव्हा क्रम लाव. ताजी ऑपरेशनं, ऑक्सिजनवरचे, अफूवर्गातली औषधं चालू असलेले, आणि ज्यांचं काहीही संध्याकाळपेक्षा वेगळं आहे ते, यांचा स्वतः मोजायचा. मनगट धरून ठेव, पल्स बघतेय असं वाटू दे, आणि डोळे छातीवर. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. ज्यांचा मोजून झाला नाही त्यांचा रकाना मोकळा सोड. सकाळी कुणी विचारलं तर ‘वेळ मिळाला नाही’ म्हण. मोकळ्या रकान्याबद्दल बोलणी बसतील, पण तो वाचून कुणी फसणार नाही.

सोमवारपासून पुन्हा नाइट आहे असं तू लिहिलंयस. त्या भिंतीवरच्या घड्याळासाठी आजच दोन ओळींचा अर्ज दे आणि त्याची प्रत जवळ ठेव. ते बदलून मिळेल तेव्हा मिळेल, तोवर सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ युनिफॉर्मला पिनने अडकव.